पेट्रोलचा काटा नसलेली गाडी घ्यावी का?

जमाखर्च

नमस्कार मंडळी. या विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आजवर तीन गाड्या घेतल्या. तिन्ही वेळा आधी तक्ता केला: मायलेज, सर्व्हिसिंग, पाच वर्षांनी विकताना हातात काय येईल. पेशाने हिशेबनीस आहे, दुसरं काही जमत नाही. गाडीवर जीव जडणाऱ्यांतली तर मी मुळीच नाही. आत्ता दारात उभी आहे तिचा नंबर विचारलात तर फोनमध्ये बघून सांगावा लागेल.

गेल्या महिन्यात एका परिचितांबरोबर १९५९ ची फोक्सवॅगन बीटल बघायला गेले. घ्यायची त्यांना होती, मी नुसती सोबत. मालक सत्तरीच्या पुढचे, अगदी मोजकं बोलणारे. परिचित खाली वाकून काहीबाही बघत होते, तेवढ्यात मालक मला म्हणाले, "बसा की आत." बसले. दार ओढलं तर लागेना. पुन्हा ओढलं, तरी नाही. म्हणाले, "काच दोन बोटं खाली घ्या आणि मग ओढा." तसं केलं आणि दार लागलं. तो आवाज मला नीट सांगता येणार नाही. जड डब्याचं झाकण फिरत फिरत शेवटच्या आट्यावर बसतं ना, तसं काहीतरी. गाडी इतकी हवाबंद आहे की आतली हवा बाहेर पडायला वाट लागते, म्हणून काच.

समोर एकच गोल तबकडी. वेग दाखवते, बाकी एक-दोन दिवे. पेट्रोलचा काटा दिसेना म्हणून विचारलं, तर म्हणे नाहीच. "मग संपत आलं हे कळतं कसं?" "गाडी आचके देते. मग तुमच्या पायाशी ती कळ आहे ना, ती फिरवायची. राखीव पाच लिटर सुरू होतात. तेवढ्यात पंप गाठायचा." मी विचारलं, "आणि कळ आधीच फिरवलेली राहिली असेल तर?" यावर ते फक्त हसले.

परिचितांनी गाडी नाकारली. मी घरी आले आणि सवयीने तक्ता केला. ३० अश्वशक्ती. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, म्हणजे चालत्या गाडीत तो सहज पडत नाही. सहा व्होल्टचे दिवे. वळायचं असलं की दारामागच्या खांबातून छोटासा हात बाहेर येतो, तो मागच्या बसवाल्याला दिसेल की नाही देवाला ठाऊक. एकूण एक रकाना उणे. तरी त्या दिवसापासून दिवसातून एकदा तरी तो दाराचा आवाज आठवतोय.

तर प्रश्न असे. माणसं या गाड्या का घेतात? जुन्या आठवणी म्हणाल तर माझ्या लहानपणी आसपास एकही बीटल नव्हती, तेव्हा तो खुलासा मला लागू नाही. दुसरं, घ्यायचीच झाली तर बघायचं काय? आणि तिसरं, कोणीतरी मला या वेडातून बाहेर काढा. नवऱ्यावर भिस्त होती, तो म्हणाला, "घे की." आता तोही मार्ग बंद झाला.

रिकामटेकडा

वाचनखूण साठवली आहे. शेवट काय होणार ते दिसतंच आहे, पण मजा बघायला थांबतो.

तेलकट बोटं

ताई, वेडातून बाहेर काढायला तुम्ही चुकीच्या ठिकाणी आलात. मी आत्ताच गाडीखालून बाहेर येऊन, हात न धुता टंकतोय.

माझ्याकडे अकरा वर्षं मॉरिस मायनर १००० आहे, ९४८ सीसीची. ३७ अश्वशक्ती, म्हणजे तुमच्या बीटलपेक्षा सात घोडे जास्त, त्यातले दोन बहुधा आजारी. 'का घेतली' असं कुणी विचारलं की पूर्वी मी बावचळायचो. गोलाई बघा, चेहरा बघा, असं काहीतरी पुटपुटायचो. खोटं नव्हतं ते, पण खरं कारण वेगळं आहे आणि ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

सकाळी किल्ली फिरवली की इंजिन सुरू होत नाही. आधी नुसती टिकटिक ऐकू येते. बॉनेटखाली, केबिनच्या भिंतीला एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप लावलाय, त्याची. आत एक पडदा आणि वीज जोडणारे-तोडणारे छोटे पॉइंट. पहिल्यांदा भरभर टिकटिकतो, मग सावकाश, मग थांबतो. थांबला म्हणजे कार्ब्युरेटरची वाटी भरली. आता चोक ओढायचा आणि स्टार्टरची दांडी ओढायची. (हो, ओढायची. किल्लीने स्टार्टर लागत नाही.)

आता गंमत बघा. टिकटिक थांबलीच नाही, तर एक तर टाकीत पेट्रोल नाही आणि पंप हवा ओढतोय, किंवा वाटीतली सुई अडकलीय आणि पेट्रोल कुठेतरी सांडतंय. वास घेतला की दोन्हींतलं कोणतं ते कळतं. टिकटिक सुरूच झाली नाही, तर पंपाचे पॉइंट काळे पडलेत किंवा वायर सुटलीय. इंजिन सुरू व्हायच्या आधी, बॉनेट न उघडता, नुसत्या कानाने एवढं निदान झालेलं असतं.

एकदा पावसात, रात्री साडेनऊला, चढणीवर गाडी बंद पडली. बरोबर मेहुणा. त्याने फोन काढून टोइंगवाल्याचा नंबर शोधायला घेतला. मी किल्ली बंद-चालू केली आणि ऐकत बसलो. टिकटिक नाही. बॉनेट उघडलं, चाकाच्या पान्याच्या मुठीने पंपाच्या डोक्यावर हळूच दोन टपल्या मारल्या. टिक. टिक टिक टिक. मेहुण्याच्या चेहऱ्यावरचा भाव मी अजून विसरलेलो नाही, मी जणू मेलेलं माणूस उठवलं होतं. घरी पोचेपर्यंत आणखी एकदा टपली द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी पंप उघडून पॉइंट पॉलिश पेपरने घासले, तो तेव्हापासून चालू आहे.

नव्या गाडीचा पंप टाकीच्या आत असतो, सीलबंद. वर्षानुवर्षं काही होत नाही त्याला. तो याच्यापेक्षा शंभरपट चांगला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो जातो तेव्हा गुपचूप जातो, आणि मला टोइंगवाल्याशिवाय कुणी उरत नाही. मायनर वाईट गाडी आहे हो. फक्त तिचं बिघडणं मला वाचता येतं, आणि पन्नाशीला आलेल्या माणसाला घरात असं वाचता येणारं दुसरं काही शिल्लक राहिलेलं नाही.

आणखी एक सांगतो. मायनर अ‍ॅलेक इसिगोनिसने केली, १९४८ साली बाजारात आली. पुढे १९५९ मध्ये मिनी आणली तोच हा माणूस. मायनर जवळपास तयार झाल्यावर त्याला वाटलं की ही अरुंद दिसतेय. त्याने नमुना गाडी उभी मधोमध कापायला लावली आणि दोन अर्धे जवळ-लांब सरकवून बघितले. चार इंच फाकवल्यावर पसंत पडली. आता बॉनेट रुंद करायचं तर मधे सपाट पट्टी आली. बंपर आधीच तयार होते, तेही मधे कापून तुकडा जोडला. मी बॉनेट पुसतो तेव्हा ती पट्टी रोज हाताला लागते. आयत्या वेळी मत बदललेला माणूस पत्र्यात तसाच राहून गेलाय. अशी खूण आजच्या गाडीवर सापडत नाही, कारण आयत्या वेळी बदलायची सोयच नाही.

आता बघायचं काय. इथे माझा मूर्खपणा उपयोगी पडेल. मी रंग बघून गाडी घेतली. आरशासारखा रंग होता. चार महिन्यांनी दाराखालच्या पट्टीला फुगा आला, नखाने उकरला तर पुट्टीचा ढलपा निघाला, आणि त्याच्या मागे वर्तमानपत्राचा बोळा. तारीखसुद्धा वाचता येत होती. विकणाऱ्याला फोन केला तर त्यालाही 'धक्का बसला'. मग बॉडी एका वर्कशॉपमध्ये दिली. तीन महिने म्हणाले, चौदा लागले. नाव घेत नाही, पण एवढं सांगतो की त्या चौदा महिन्यांत मी तिथे इतक्यांदा गेलो की त्यांचा कुत्रा मला बघून शेपटी हलवायचा.

म्हणून: इंजिन टेबलावर उतरवून एका माणसाला घरी बांधता येतं. पत्र्याचं तसं नाही. चांगला पत्रा आणि मेलेलं इंजिन असलेली गाडी ही, गुणगुणतं इंजिन आणि सडका पत्रा असलेल्या गाडीपेक्षा स्वस्तात पडते, विकणारा काहीही म्हणो. लोहचुंबक घ्या, पातळ फडक्यात गुंडाळा म्हणजे रंगावर ओरखडा यायचा नाही, आणि खालच्या कडांनी फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे.

उगाच एक

नेहमीप्रमाणे मी रंगाचा बेरंग करायला आलोय.

जमाखर्चताई, १९५९ हे सालच बघा. त्या वर्षी व्होल्व्होने निल्स बोलीनने बनवलेला तीन बिंदूंचा सीटबेल्ट गाडीत बसवून विकायला सुरुवात केली. त्याच वर्षी मर्सिडीजची डब्ल्यू १११ आली, जिचा पुढचा-मागचा भाग धडकेत मुद्दाम चुरगळावा आणि मधली माणसं वाचावीत अशी रचना होती. तुम्ही बघितलेली गाडी त्याच वर्षाची आहे, पण त्या रेषेच्या अलीकडची. पट्टा नाही. स्टिअरिंगची दांडी सरळ आणि कडक, थेट छातीकडे रोखलेली. आणि पेट्रोलची टाकी पुढे, तुमच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर.

"जुन्या गाड्यांचा पत्रा जाड, म्हणून त्या मजबूत" असं ऐकवणारे भेटतील. त्यांना सांगा, अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये दोन शेवरोले समोरासमोर धडकवल्या. एक १९५९ ची बेल एअर, दुसरी २००९ ची मालिबू. दोन्ही ताशी ६४ किलोमीटरने. चित्रफीत जालावर आहे. बेल एअर धिप्पाड गाडी, पण ड्रायव्हरची जागा अक्षरशः घडी झाली. मालिबूत ड्रायव्हर म्हणून बसवलेला पुतळा पायाच्या दुखापतीवर निभावला असता, बेल एअरमधला वाचला नसता.

घेऊ नका असं म्हणत नाही. पण तुमच्या तक्त्यात हा रकाना दिसला नाही, म्हणून लिहिलं.

तेलकट बोटं

उगाच एक, यातला शब्दन्‌शब्द मान्य. मी पट्टे बसवून घेतलेत, पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवतो, हायवेला नेत नाही. ड्रम ब्रेक लांब उतारावर तापले की पॅडल दाबूनही गाडी आपल्या मर्जीने थांबते. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. पुतणी मागे लागते, पण तिला अंगणाबाहेर फिरवलेलं नाही.

चौथा गिअर

बीटलवर बोलतो. दोन होत्या, एक आहे.

सगळ्यात आधी लाल दिवा समजून घ्या. डायनॅमोचा दिवा. इतर बऱ्याच गाड्यांत तो लागला तर बहुधा बॅटरी चार्ज होत नाही एवढाच अर्थ, घरापर्यंत येता येतं. बीटलमध्ये डायनॅमो आणि इंजिन थंड करणारा पंखा एकाच दांड्यावर आहेत आणि एकाच पट्ट्याने फिरतात. रेडिएटर नाही, पाणी नाही, फक्त ती हवा. लाल दिवा लागला म्हणजे पट्टा तुटला असू शकतो, आणि पट्टा तुटला म्हणजे इंजिन भाजतंय. पुढच्या वळणावर थांबू असं करायचं नाही. तिथेच थांबायचं. जादा पट्टा आणि पाना गाडीत कायम. माझी पहिली बीटल मी "आलंच घर" म्हणत चार किलोमीटर चालवली, म्हणून ती आता नाही.

पत्रा. दारांखालच्या पोकळ पट्ट्या बघा. बीटलमध्ये त्यांतून इंजिनची गरम हवा पुढे येते, म्हणजे आत कधी गरम, कधी गार, कायम ओल. त्याच पट्ट्या गाडीचा कणाही आहेत. त्या गेल्या तर बॉडी जमिनीच्या पत्र्यापासून सोडवावी लागते. मग मागची सीट उचला. बॅटरी तिच्याखाली असते. ॲसिड खालचा पत्रा खातं, स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा, लाजू नका. आणि बॅटरीवर झाकण आहे ना ते बघा. नसेल तर जाड माणूस मागे बसला की सीटच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकतात आणि सीट पेटते. हा विनोद नाही.

इंजिन. बंद असताना, गिअर न्यूट्रलला, मागची मोठी पुली दोन्ही हातांनी धरा, स्वतःकडे ओढा, पुढे ढकला. जाणवेल न जाणवेल इतकी हलली तर ठीक. 'टक' असा आवाज आला तर क्रँकची बेअरिंगं गेली, तिथेच नमस्कार करून या. तिसऱ्या सिलिंडरचं काँप्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, वेगळं मोजायला सांगा. ऑइल कूलर पंख्याच्या हवेत त्याच्याच वाटेवर उभा आहे, म्हणून तो बाकी तिघांपेक्षा जास्त तापतो आणि व्हॉल्व्ह आधी त्याचा जातो.

पेट्रोलची रबरी नळी कितीही नवी दिसली तरी पहिल्या आठवड्यात बदला. इथेनॉल असलेल्या पेट्रोलला चालेल अशीच घ्या, जुन्या प्रकारचं रबर त्याने कडक होऊन चिरतं. कार्ब्युरेटरमध्ये जिथे ती लागते ती पितळी नळी नुसती ठोकून बसवलेली असते, ती ढिली आहे का बघा. ती सुटली तर पेट्रोल थेट डिस्ट्रिब्युटरजवळ, म्हणजे ठिणग्यांच्या शेजारी. जळालेल्या बीटलच्या फोटोत आग मागून सुरू झालेली दिसते, ती बहुतेक यानेच.

तेल अडीच लिटर, कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी. म्हणून तेल लवकर बदलायचं. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हची, फट इंजिन पूर्ण थंड असताना बसवायची. एवढं केलंत तर गाडी तुम्हाला पुरून उरेल.

सुईदोरा

मला गाड्यांतलं काही कळत नाही, काकांकडे सिट्रोएन डीएस होती तेवढंच. एक किस्सा कामाचा वाटला म्हणून. त्या गाडीत सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग सगळं एकाच दाबाच्या तेलावर. इंजिन सुरू केलं की गाडी बसलेल्या उंटासारखी आधी एका टोकाने, मग दुसऱ्या टोकाने उठायची, आम्हा पोरांना तो खेळ. जुन्या डीएसमध्ये लाल तेल आणि नंतरच्यांत हिरवं, आणि दोन्हींचे रबरी सील वेगळे. काका गावाला गेले असताना एका फिटरने कमी वाटलं म्हणून हिरव्याच्या गाडीत लाल ओतलं. चांगल्या मनाने. सील फुगले, ठिकठिकाणी गळायला लागलं आणि उंट जो बसला तो वर्षभर उठला नाही.

तेव्हा गाडी घेतलीत तर कशात काय ओतायचं याची चिठ्ठी बॉनेटच्या आत चिकटवा. बीटलमध्ये बॉनेट मागे असतं की पुढे, ते चौथा गिअर सांगतील.

चौथा गिअर

मागे इंजिन, पुढे सामान. चिठ्ठी दोन्हीकडे लावा.

स्टेपनी

हिशेबनीस बाई आहेत आणि 'वाढेल का हो किंमत' हे अजून कुणी काढलं नाही, याचं आश्चर्य वाटलं. म्हणून मीच काढतो.

बातम्यांत येतात त्या गाड्या विसरा. २०२२ मध्ये मर्सिडीजची एक ३०० एसएलआर कूपे साडेतेरा कोटी युरोंना गेली, कारण तशा जगात दोनच होत्या. फेरारी २५० जीटीओ ३६ बनल्या. बीटल बनल्या २,१५,२९,४६४. शेवटची ३० जुलै २००३ ला मेक्सिकोतल्या पुएब्ला कारखान्यातून बाहेर पडली. दुर्मीळपणावर पैसे लावायचे असतील तर ही चुकीची गाडी. पण हाच आकडा उलटा वाचा. इतक्या बनल्या म्हणून जवळजवळ प्रत्येक नट आजही नवा मिळतो. दुर्मीळ गाडीवाला एका काचेसाठी तीन वर्षं थांबतो आणि मग ती काच बसवायला भितो.

बाकी बाजाराचं म्हणाल तर १९८० च्या दशकाच्या शेवटी जुन्या गाड्यांचे भाव, त्यातही फेरारींचे, असे वर गेले की गाडी न आवडणारी माणसंही घ्यायला लागली. १९९० नंतर तेवढ्याच वेगाने खाली आले. एक गोष्ट मात्र मी कायम बघत आलोय. माणूस सोळा-सतराव्या वर्षी ज्या गाडीकडे वळून बघतो, ती तो हातात पैसे आल्यावर घेतो. म्हणून पिढी सरकली की मागणीही सरकते. आत्ता चाळिशीतले लोक १९९० च्या आसपासच्या गाड्यांमागे आहेत, पहिल्या मझदा एमएक्स-५ सारख्या, आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या साध्या गाड्यांना गिऱ्हाईक कमी होतंय. जमाखर्चताई या नियमात बसत नाहीत, म्हणूनच मला हा धागा आवडला.

मूळपणाबद्दल एक. इंजिनचा नंबर कागदाशी जुळतो का बघा, आणि जे मूळ आहे ते उगाच चकचकीत करू नका. १९२० च्या दशकातली एक बुगाटी ब्रेशिया कित्येक दशकं इटली-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या माजोरे सरोवराच्या तळाशी पडून होती. २००९ मध्ये वर काढली, एक बाजू पार गळून गेलेली. पुढच्या वर्षी पॅरिसला लिलावात अडीच लाख युरोंच्या वर गेली, आणि घेणाऱ्या संग्रहालयाने ती तशीच ठेवली. गंजासकट. रंग पुन्हा देता येतो, पहिला रंग पुन्हा देता येत नाही.

उगाच एक

गंजासकट अडीच लाख युरो. आणि वेडा मी.

जमाखर्च

मंडळी, सगळ्यांचे आभार. शनिवारी पुन्हा जाऊन आले. पर्समध्ये लोहचुंबक, फडकं, टॉर्च, स्क्रू-ड्रायव्हर आणि चौथा गिअर यांच्या प्रतिसादाची छापील प्रत. नवरा बरोबर होता, पुलीसाठी.

डाव्या दाराखाली वीतभर लांब चुंबक चिकटत नाही, घसरून खाली पडतो. उजवी पट्टी ठीक. मागची सीट उचलली. बॅटरीवर झाकण नाही, पण कोणीतरी मापात कापलेला रबराचा तुकडा घट्ट बांधलाय. बॅटरीखाली स्क्रू-ड्रायव्हर पत्र्यातून आरपार गेला आणि मीच दचकले. पुली नवऱ्याने ओढली, ढकलली, टक नाही. तिसऱ्या सिलिंडरचं त्यांनी स्वतःच सांगितलं, मागच्या वर्षी मोजलं होतं, बाकीच्यांच्या बरोबरीने आहे म्हणून. कागद दाखवला. टायर छान दिसले, नक्षी पूर्ण. पण बाजूवरचा तारखेचा आकडा तीन अंकी निघाला. घरी येऊन वाचलं की २००० सालापासून तो चार अंकी असतो. म्हणजे हे टायर माझ्या मुलीपेक्षा मोठे आहेत.

एवढं सगळं मी त्यांच्या समोर करत होते, टोचत, खरवडत, आणि ते शेजारी टॉर्च धरून उभे. जराही रागावले नाहीत. उलट एका ठिकाणी म्हणाले, "इथे नाही, जरा मागे टोचा."

आता खरी गोष्ट. निघताना सहज विचारलं, इतकी वर्षं काट्याशिवाय कधी अडकला नाहीत का? ते आत गेले आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन आले. लांबट, कापडी पाठीच्या, आम्ही खतावणीला वापरायचो तसल्या. गाडी घेतल्या दिवसापासून प्रत्येक वेळचं पेट्रोल. तारीख, मीटरचा आकडा, किती लिटर, मागच्या वेळेपासून किती किलोमीटर, लिटरला किती पडले. आणि शेवटचा रकाना 'कळ'. त्यात 'सरळ' किंवा 'फिरवली'. फिरवली असेल तर भरल्यावर परत सरळ केली याची बारीकशी बरोबरची खूण. काटा नव्हता, म्हणून त्यांनी वहीचा काटा केला. शेवटच्या भरण्यापासून किती चाललो हे बघितलं की टाकीत किती उरलं ते कळतं.

मी तिथेच पायरीवर बसून वाचत राहिले. तेरा-चौदा पानांनंतर एका ठिकाणी लिटरला पडणारे किलोमीटर हळूहळू कमी होत गेलेत आणि मग एकदम पूर्ववत. विचारलं. "चोक अडकत होता, दोन महिने लक्षात नाही आलं. आकड्यांनी दाखवलं." एका पानावर अक्षर वेगळं आहे, गोल आणि तिरपं. कळीच्या रकान्यात लिहिलंय: 'परत फिरवायला विसरले. तीन कि.मी. चालत. पुन्हा होणार नाही.' त्यानंतर त्या अक्षराच्या आणखी सात-आठ नोंदी आहेत, प्रत्येकीत बरोबरची खूण दोनदा केलेली. मग ते अक्षर पुढे कुठे नाही. मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

तेलकटकाका, तुम्ही म्हणालात की तुम्हाला मायनरचं बिघडणं वाचता येतं. मला पंपाची टिकटिक कळेल असं वाटत नाही, पण रकाने कळतात.

डाव्या पट्टीचं आणि बॅटरीखालच्या पत्र्याचं काम, चार टायर, पट्टे बसवणं, सगळं वजा करून मी आकडा सांगितला. वह्या गाडीबरोबर मिळाव्यात अशी अट घातली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आकडा मान्य आहे, गाडी पुढच्या महिन्यात न्या. वह्यांचं बघतो.

तेलकट बोटं

ताई, वह्या त्यांच्याकडेच राहू द्या. एक कोरी घेऊन जा, आणि पहिली नोंद त्यांच्या हातची करून घ्या.

चौथा गिअर

टायर घरी न्यायच्या आधी बदला. त्या टायरांवर घरापर्यंतसुद्धा चालवू नका.